डोळे आलेलं पोर दिसलं की आधी काय बघायचं

अगं, बेळगावकडच्या खानापूर भागात पावसाळ्यात आशा कार्यकर्ती म्हणून घरं फिरशील तेव्हा डोळे आलेली पोरं भेटतीलच. कन्नड घरात 'मद्रास आय' म्हणतील, घाबरू नकोस, तेच ते.

आधी चिपडं बघ. सकाळी पापण्या चिकटल्यात, पिवळी-हिरवी घाण येते, तर बहुधा जिवाणू: हिमोफिलस, न्यूमोकोकस नाहीतर स्टॅफिलोकोकस. नुसतं पाणी गळतंय, जोडीला सर्दी आहे, तर बहुतेक विषाणू. त्याला अँटिबायोटिक लागू पडत नाही. पण नजरेचा अंदाज चुकतो, म्हणून औषध डॉक्टरांनीच ठरवायचं.

बाळ 28 दिवसांच्या आतलं असेल तर मात्र थांबायचं नाही. जन्मानंतर 2 ते 5 दिवसांत पू आला तर गोनोरिया या गुप्तरोगाचा संसर्ग असू शकतो, त्यात बुबुळाला भोक पडून दृष्टी जाऊ शकते. त्याच दिवशी दवाखान्यात.

आज्जी काजळ, गुलाबपाणी, अंगावरचं दूध घालायला सांगेल. वाद घालू नकोस; उकळून गार केलेलं पाणी नि कापूस हातात दे. नाकाकडून कानाकडं एकदाच पुसायचं, दर वेळी नवा बोळा. टॉवेल वेगळा.

मेडिकलवाल्यानं दिलेला स्टेरॉइडचा ड्रॉप दिसला तर बंद करायलाच लाव. मी एकदा गप्प बसले होते, अजून टोचतं. दुखतंय, उजेड सोसत नाही, पापणी सुजून ताप आलाय, तर त्याच दिवशी बेळगावला पाठव.