बॉनेट उघडून : घाटात गप्प, सपाटीला थरथर

प्रश्न : मी साताऱ्यात राहते. हायस्कूलमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबवेना, म्हणून गेल्या दिवाळीत ऑटोमॅटिक सेदान जुन्यात घेतली. २०१६चं मॉडेल, पेट्रोल, सहा गिअर. घेतली तेव्हा ७१,००० किलोमीटर झाली होती. महिन्यातून दोनदा मुलीकडे पुण्याला जाते. परत येताना खंबाटकी उतरून सुरूर फाटा ओलांडला की गाडी मधूनच थरथरते. पाच-सात सेकंद, हायवेवर ते पांढरे जाड पट्टे मारलेले असतात ना, त्यांवरून गेल्यासारखी. मग आपोआप थांबते. पाचवडपर्यंत दोन-तीनदा होतं, कधी एकदाही नाही. साताऱ्यात गावात फिरताना कधीच नाही. घाट चढताना तर मुळीच नाही. मुलगी चालवते तेव्हाही होत नाही, त्यामुळे घरात माझंच हसं होतं. डॅशबोर्डवर कुठला दिवा लागत नाही. आतापर्यंत चाकांचं बॅलन्सिंग, अलाइनमेंट, चार प्लग आणि इंजिनचं एक माउंटिंग यांत १४,६०० रुपये गेले. एका मेकॅनिकने सकाळी पोवई नाक्यापर्यंत चक्कर मारून ‘मॅडम, तुम्हाला भास होतोय’ असं सांगितलं. दुसऱ्याने ट्रायल न घेताच गिअरबॉक्स गेला म्हणून १,४०,००० रुपयांचं एस्टिमेट दिलं. काय करू?

उत्तर : बाई, भास नाही. आणि तो एस्टिमेटचा कागद सध्या कपाटात ठेवून द्या.

एकतीस वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज चालवतोय. गिऱ्हाईक गाडीबद्दल काय सांगतं यापेक्षा ‘कधी होत नाही’ हे विचारलं की निम्मं काम होतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. तुम्ही न विचारता तीन गोष्टी लिहिल्यात : गावात नाही, घाटात नाही, मुलगी चालवते तेव्हा नाही. ज्यांनी प्लग आणि माउंटिंग बदललं त्यांना हे सांगितलं होतंत का? सांगितलं असणार. ऐकलं नसेल.

एकेक घेऊ. प्लग किंवा प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या कॉइलमुळे इंजिन मिसिंग मारत असतं, म्हणजे मधूनच ठिणगी चुकत असती, तर ते लोड आल्यावर सगळ्यात जास्त मारतं. म्हणजे खंबाटकीच्या चढाला तुमची गाडी रडली असती. ती तिथे गप्प आहे. मग प्लग कशाला बदलले? बॅलन्सिंगचा दोष ठरावीक स्पीडला येतो, हे खरं. पण तो रेस धरली काय नि सोडली काय, येतच राहतो, शिवाय स्टिअरिंग हातात नाचतं. पाच सेकंदांत आपोआप थांबत नाही. माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते रबर, गेलेलं असेल तर सिग्नलला ‘डी’मध्ये (ड्राइव्हला) ब्रेक दाबून उभं असताना गाडी थडथडते आणि न्यूट्रलला टाकली की शांत होते. तसं तुम्ही काही लिहिलेलं नाही. तुमचे १४,६०० रुपये बहुतेक अंदाजावर गेले.

राहिला गिअरबॉक्स. पण गिअरबॉक्स म्हणजे एक वस्तू नव्हे. तुमच्या गाडीत इंजिन आणि गिअर यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर नावाचा भोपळ्याएवढा बंद डबा असतो. आत समोरासमोर दोन पाती, भोवती तेल. इंजिन एक पातं फिरवतं, त्याने ढकललेलं तेल दुसरं पातं फिरवतं. दोन्हींत लोखंडाचा सांधा नाही, म्हणून तर सिग्नलला गाडी ‘डी’त उभी राहूनही बंद पडत नाही. पण तेलातून ताकद न्यायची तर थोडी वाया जाते, पेट्रोल जास्त लागतं. त्यावर उपाय म्हणून त्याच डब्यात एक लॉक-अप क्लच बसवलेला असतो. गाडीने एकसारखा वेग धरला की तो लागतो आणि दोन्ही बाजू एक होतात.

हा क्लच खटकन लागत नाही. हलक्या रेसवर गाडीचा कॉम्प्युटर त्याला मुद्दाम जरासा घसरत ठेवतो, म्हणजे इंजिनची धडधड आत बसलेल्याला जाणवू नये. घसरायचं, पण गुळगुळीत घसरायचं. ते काम तेलातल्या रसायनांचं. तेल जुनं झालं, वर्षानुवर्षं तापलं, की ती रसायनं संपतात आणि क्लच घसरण्याऐवजी चिकटतो-सुटतो, चिकटतो-सुटतो.

तुम्ही शिक्षिका, तुम्हाला हे मी काय सांगणार. खडू फळ्यावर जरा उभा धरून पुढे ढकलला की सरळ रेघ न येता टिंबटिंबांची रेघ येते आणि हाताला थरथर लागते, तेच. फळा तोच, खडू तोच, धरायचा कोन आणि दाब बदलला की थरथर बंद.

आता तुमच्या तीन गोष्टी परत लावून बघा. गावात वेग आणि गिअर कमी, त्यामुळे लॉक-अप लागलाच तर क्षणभर. घाटात तुमचा पाय खाली असतो, गिअर उतरलेला असतो. तिथे क्लच एकतर पूर्ण सुटलेला किंवा पूर्ण लागलेला, अधलामधला नाही. मुलगी बहुधा नव्वद-पंचाण्णवने हाणत असणार, तेव्हाही तो घट्ट लागलेला. तुम्ही मात्र घाट उतरून आलात, चढावर तेल चांगलं तापलंय, रस्ता सपाट, पाय हलका, काटा पासष्ट-सत्तरवर. लॉक-अपला थरथरायला याहून सोयीची जागा नाही. सकाळी थंड गाडी घेऊन पोवई नाक्यापर्यंत गेलेल्या माणसाला ती कशी सापडावी?

खात्री करायला खर्च नाही. मुलीला शेजारी बसवा. रस्ता मोकळा, मागे गाडी नाही, असं बघून थरथर सुरू झाली की उजवा पाय रेसवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेकचं पेडल अगदी हलकं दाबा; मागचे लाल दिवे लागतील इतकंच, गाडी थांबवायची नाही. ब्रेकचा स्विच दाबला गेला की बहुतेक गाड्यांमध्ये कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो. त्या क्षणी थरथर जाऊन आरपीएमचा काटा थोडा वर उडाला, तर चोर सापडला. तुमच्या डाव्या गुडघ्याला हे जमणार नसेल, किंवा डाव्या पायाला ब्रेकची सवय नसल्याने तो जोरात दाबला जाईल असं वाटत असेल, तर हे करू नका. मुलीला गाडी तुमच्यासारखी सत्तरने चालवायला सांगा आणि तुम्ही काटा बघा. थरथरताना आरपीएमचा काटाही बारीक नाचत असेल तर तेही पुरेसं आहे.

गॅरेजवाल्याकडे गेलात तर त्याला स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे दाखवणारं यंत्र, लावून गाडी घाटापलीकडे न्यायला सांगा. स्कॅनरवर इंजिनचे फेरे आणि कन्व्हर्टरमधून बाहेर पडणारे फेरे शेजारी-शेजारी दिसतात. लॉक-अप लागल्यावर दोन आकड्यांतला फरक स्थिर राहायला हवा; तो वरखाली उड्या मारत असेल तर बाकी चर्चा बंद. बिघाडाचा कोड निघेलच असं नाही. पी०७४१ हा लॉक-अपचा ठरलेला कोड, पण तो बराच घसरल्यावर येतो. नुसता स्कॅनर जोडून ‘कोड नाही, म्हणजे गाडी ओके’ म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि घरी या.

स्कॅनरवाल्यांना मी हसतोय खरं, पण मीही कमी चुकलेलो नाही. एका डॉक्टरांची गाडी गगनबावड्याच्या रस्त्याला चढावर हादरे द्यायची. मी महिनाभर एकट्याने ट्रायल मारत राहिलो, काही सापडेना; कॉइल बदलून झाली, माउंटिंग झालं. शेवटी डॉक्टर वैतागून स्वतः आले, बायको आणि दोन मुलं मागे. गाडीत माणसं भरल्यावर पहिल्याच चढाला ती हलली. मागून गाडी दबली की पुढच्या ॲक्सलचा कोन बदलतो, आणि त्याचा आतला जॉइंट झिजलेला होता. मी एकटा बसत होतो म्हणून तो कोनच येत नव्हता. त्या महिन्याची मजुरी मी घेतली नाही.

तुमच्या गाडीचं आता सांगतो. आधी तेल बदलायचं. जुन्या मालकाचं सर्व्हिस बुक काढा. गिअरबॉक्सचं तेल बदलल्याची नोंद बहुतेक नसेलच. काही कंपन्या हे तेल ‘लाइफटाइम’ म्हणतात. कुणाचं लाइफ, ते लिहीत नाहीत. आपल्या उन्हात आणि घाटात मी साठ हजारांच्या पुढे ते कुणाला ठेवू देत नाही.

बदलताना तीन गोष्टींवर अडून बसा. तेल तुमच्या गिअरबॉक्ससाठी मॅन्युअलमध्ये दिलेल्या स्पेसिफिकेशनचंच. ‘सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं’ म्हणणाऱ्याचं नको. दुसरं, गिअरबॉक्सच्या तळाचा ड्रेन प्लग खोलून जेमतेम निम्मं तेल बाहेर येतं, बाकीचं कन्व्हर्टरच्या पोटात राहतं. म्हणून एकदा बदलून हजारेक किलोमीटर चालवायची आणि परत बदलायचं; पहिल्या वेळी थरथर कमी होईल, पण पूर्ण जाणार नाही, तेव्हा घाबरू नका. तिसरं, लेव्हल इंजिन चालू ठेवून, तेल कंपनीने सांगितलेल्या तापमानाला आल्यावरच बघायची. बऱ्याच गाड्यांना डिपस्टिक नसते, तिथे घाई केली की लेव्हल चुकते. निघालेलं तेल पांढऱ्या कागदावर टाकायला लावा आणि स्वतः बघा. गडद झालेलं असणारच. जळक्या फटाक्यासारखा वास आणि चमचम करणारे कण दिसले, तर मात्र वेगळा विचार करावा लागेल. नुसतं काळपट असेल तर मला आशा आहे.

दोनदा बदलून दोन हजार किलोमीटर चालवल्यावरही थरथर तेवढीच राहिली, तर लॉक-अपची प्लेट चकचकीत झाली आहे असं समजायचं. तेव्हाही फक्त टॉर्क कन्व्हर्टर उतरवून दुरुस्त करून घेता येतो किंवा बदलता येतो. गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल, पण खोलावा लागेलच असं नाही, आणि खर्च १,४०,००० च्या जवळपास जाऊ नये. टाळाटाळ करून असंच चालवत राहिलात तर त्या प्लेटची घासण तेलात मिसळून गिअरबॉक्सच्या व्हॉल्व्हपर्यंत जाते, मग मात्र त्या दुसऱ्या मेकॅनिकचं एस्टिमेट खरं होईल.

आणि मुलीला हे उत्तर वाचून दाखवा.

प्रश्न : आमच्याकडे एएमटी हॅचबॅक आहे, ४८,००० किलोमीटर झालीत. चिपळूणला घर उतारावर आहे. पावसाळ्यात सकाळी रिव्हर्स घेऊन वर चढवताना गाडी दणादण हादरते, नंतर दिवसभर ठीक. गिअरबॉक्स बदलावा लागेल का?

उत्तर : नाही. वरचं उत्तर तुमच्या गाडीला लागू नाही हे आधी सांगतो. एएमटीत टॉर्क कन्व्हर्टर नसतो. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधी क्लच प्लेट, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तुमच्या हातापायाऐवजी मोटर करते. कोकणातल्या पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या फ्लायव्हीलवर, म्हणजे क्लच प्लेट ज्याला चिकटते त्या इंजिनच्या चाकावर, दमट हवेने बारीक गंज धरतो, तो पहिल्या दोन-तीन वेळा क्लच लागल्यावर घासून जातो. पहिल्या दोन चढावांनंतर हादरे थांबत असतील तर काही करू नका. फक्त चढावर गाडी रेसवर तोलून धरायची सवय असेल तर ती सोडा; हँडब्रेक लावा, रेस द्या, मग हँडब्रेक सोडा. गाडी गरम झाल्यावरही हादरे देऊ लागली तर क्लच सेट बघायला लागेल. तो बदलल्यावर स्कॅनरने क्लचचं लर्निंग, म्हणजे कॉम्प्युटरला नव्या क्लचची ओळख, करून घेतलंय ना, हे विचारल्याशिवाय बिल देऊ नका. ते न केल्याने नव्या क्लचवरही हादरणाऱ्या दोन गाड्या याच पावसाळ्यात माझ्याकडे येऊन गेल्या.