वर्गातली मगर घरोघरी जाते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या बालवाडीत 38 मुलं आहेत. वर्गाचं एक मऊ खेळणं शुक्रवारी एका मुलाबरोबर घरी जाईल आणि सोमवारी डायरीसह परत येईल, असं ठरतंय. खेळणं कसं निवडावं? वर्षात सगळ्यांची पाळी येईल का?
— एक शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : विश्वामित्रीच्या काठच्या मुलांना मगर नवी नाही, तेव्हा मगरच घ्या. लांबी 25 सें.मी.च्या आसपास असावी, म्हणजे मुलाला एका हाताने धरता येते. डोळे भरतकामाचे हवेत. बटणाचे डोळे निघतात आणि घरातलं धाकटं भावंड ते तोंडात घालतं. आत कापूस नको, पॉलिएस्टर फायबर हवं. धुतल्यावर कापसाचे गोळे होतात, शिवाय पावसाळ्यात तो चार दिवस ओला राहून कुबट वास मारतो.

एकसारख्या दोन मगरी आणा आणि पहिल्या दिवसापासून आलटूनपालटून वापरा. दुसरी कपाटात ठेवून दिली, तर सहा महिन्यांनी तिचा कोरा रंग आणि वास मुलं लगेच ओळखतात आणि ‘ही आपली नाही’ म्हणतात.

जुलै ते मार्च 39 आठवडे होतात. दिवाळीची सुट्टी आणि आजारपणाचे खाडे वजा करता 33-34 फेऱ्या उरतात. म्हणजे 38 मुलांना त्या पुरत नाहीत. महिन्यातून एकदा मंगळवार ते गुरुवार अशी जादा फेरी ठेवा. नाव चिठ्ठी काढून ठरवा. ‘शहाण्यासारखं वागलास तर मगर मिळेल’ असं मात्र कधीही म्हणू नका. ज्या मुलाला तिची सर्वांत जास्त गरज असते, नेमकं तेच मग मागे राहतं.

प्रश्न : मगर या शुक्रवारी आमच्याकडे येणार. डायरीत आधीच्या पानांवर एकता नगरची सहल, मॉल, रंगीत फोटो. आम्ही दोघं नोकरीला, रविवारी कुठेच जाणार नाही. काय लिहू?
— एक आई, मांजलपूर

उत्तर : तुम्ही काही लिहायचंच नाही, मुलीने सांगायचं. रविवारी संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि ‘मगरीने काय काय केलं?’ एवढंच विचारा. ती बोलेल ते तिच्याच शब्दांत उतरवा, तीन-चार वाक्यं पुरेत. ‘मगर ओट्यावर बसली. आईने शेव-उसळ केली. मगरीला तिखट लागलं.’ हे पान सहलीच्या पानाहून जास्त मोलाचं आहे, कारण सोमवारी ती ते स्वतः सांगू शकेल. आईबाबांनी लिहिलेला निबंध मूल पाठ म्हणतं आणि मध्येच अडतं.

ती ‘पतंग चगवली’ म्हणाली तर ‘उडवली’ करू नका. वडोदऱ्याच्या मराठी घरांत असे गुजराती शब्द सहज येतात. बोललेलं जसंच्या तसं कागदावर उतरतं, हे तिला आधी दिसू दे. प्रमाण शब्द पुढे येतीलच. फोटोऐवजी चित्र काढू द्या. फोटोंची चढाओढ एकदा सुरू झाली की ज्या घरी प्रिंट काढणं परवडत नाही, तिथलं मूल मगर नेणंच टाळतं. शाळेनेच डायरीच्या पहिल्या पानावर ‘फोटो नकोत, चित्र काढा’ असं छापावं. डावं पान कोरं आणि उजवं रेघांचं अशी वही घेतली की चित्राला हक्काची जागा मिळते.

प्रश्न : एका मुलीच्या डोक्यात उवा निघाल्या. आता मगर पुढच्या घरी पाठवू का?
— एक पालक, रावपुरा

उत्तर : पाठवा, पण एक फेरी दुसरी मगर जाऊ द्या. डोक्याबाहेर उवा दोन दिवसांपेक्षा जास्त सहसा जगत नाहीत. पहिली मगर उशीच्या अभ्र्यात घालून, तोंड बांधून मशीनमध्ये गरम पाण्यात धुवा आणि उन्हात पूर्ण सुकू द्या. वरून कोरडी लागली तरी पोट दाबून पाहा, ओल तिथेच राहते. डोळे आले असतील किंवा ताप असेल, तर त्या मुलाची पाळी पुढे ढकला आणि नवी तारीख त्याला त्याच दिवशी सांगा. तारीख ऐकली की मूल शांत होतं, ‘नंतर बघू’ ऐकलं की रडतं. त्या मुलीचं नाव वर्गात घेऊ नका.

प्रश्न : मगर रिक्षात राहिली तर?
— एक आजोबा, वाडी

उत्तर : मगरीच्या पोटाला कापडी पट्टी शिवून तिच्यावर शाळेचा फोन नंबर लिहा. मुलाचं नाव, घरचा पत्ता किंवा नंबर मगरीवर नको आणि डायरीतही नको, कारण ती तीस-चाळीस घरांत फिरते. मगर नाहीच सापडली तर भरपाई मागू नका. दुसरी मगर सोमवारी वर्गात हजर असेल. डायरी मात्र मगरीच्या पिशवीत ठेवू नका, दप्तरात ठेवा. मगर नवी शिवता येते, भरलेली पानं परत मिळत नाहीत.