वाचकांचे प्रश्न : शिशक, शोशेंक आणि इ.स.पू. ९२५ चा हिशोब

प्रश्न : बायबलमध्ये यरुशलेमवर चालून आलेला इजिप्तचा राजा शिशक आहे ना, तो म्हणजे शोशेंक पहिला असं सगळीकडे वाचायला मिळतं. पण कर्नाकच्या देवळात त्याच्या मोहिमेतल्या गावांची जी यादी आहे तिच्यात यरुशलेमच नाही म्हणे. मग खरं काय मानायचं? आणि बायबल बाजूला ठेवलं तर या राजाला तेवढं महत्त्व आहे का?

उत्तर : शेवटचं आधी घेतो, कारण शोशेंकवर तिथेच अन्याय होतो. त्याचं नाव निघालं की लगेच यरुशलेमचा वाद सुरू होतो आणि माणूस राहतो बाजूला. त्याच्या आधीच्या २१व्या घराण्याच्या काळात इजिप्त नावाला एक होता, प्रत्यक्षात उत्तरेत तानिसचे राजे आणि दक्षिणेत थीब्सला अमुन देवाचे मुख्य पुजारी, जे सैन्यही सांभाळायचे, असे दोन कारभार चालायचे. शोशेंक हा मूळचा लिबियन, मश्वेश टोळ्यांचा प्रमुख, घराणं बुबास्तिसचं. पण बाहेरून घोड्यावर बसून आला आणि गादी बळकावली असं काही नाही, ही मंडळी पिढ्यानपिढ्या नाईलच्या मुखाजवळच्या सखल भागात, म्हणजे डेल्टात, राहत होती, त्याचा एक काका तर आधी राजा होऊन गेला होता. आधीच्या राजाची मुलगी मातकारे आपल्या मुलाला, ओसोर्कोनला, करून घेतली आणि दुसऱ्या मुलाला, इउपुतला, थेट थीब्सला अमुनचा मुख्य पुजारी म्हणून बसवलं. म्हणजे जे पद राजाला डोईजड होत होतं तेच घरात आणलं. मला विचाराल तर त्याचं सगळ्यात मोठं काम हेच, लढाई नाही. त्याच्यापासून २२वं घराणं सुरू होतं. बिब्लोसमध्येही त्याचा पुतळा सापडलाय, त्यावर तिथल्या अबिबाल राजाने स्वतःचा लेख कोरून घेतलाय, म्हणजे समुद्राकाठच्या त्या शहरातही याचं वजन होतं.

आता यादी. कर्नाकला अमुनच्या देवळात दुसऱ्या पायलॉनजवळ (पायलॉन म्हणजे देवळाचा भव्य दरवाजा) जो बुबास्तिसचा दरवाजा म्हणतात, तिथल्या भिंतीवर अमुन उभा आहे आणि त्याच्या हातातल्या दोऱ्यांना कैद्यांच्या रांगा बांधल्यात. प्रत्येक कैद्याचं फक्त वरचं अंग, हात पाठीमागे बांधलेले, आणि खाली धडाच्या जागी तटबंदीसारखी कड असलेला लंबगोल, त्यात एका गावाचं नाव. अशी १५० च्या वर नावं होती. मगिद्दो आहे, तानख आहे, बेथ शान, गिबोन, अयालोन आहेत, दक्षिणेकडच्या नेगेव वाळवंटातली तर भरपूर, अरद हे नाव दोनदा येतं. यरुशलेम मात्र वाचता येणाऱ्या नावांत नाही हे अगदी खरं. १८२८ मध्ये इजिप्तची चित्रलिपी उलगडणाऱ्या शाम्पोलियोंने एक नाव 'यहूदाचं राज्य' असं वाचलं होतं आणि त्यावर खूप वर्षं लोक खूश होते, पण ते टिकलं नाही, ते एका गावाचंच नाव निघालं, आणि यादीतली त्याची जागाही उत्तरेकडच्या गावांत आहे.

यावर एक उत्तर असं देतात की यरुशलेमचा राजा रहबाम, शलमोनाचा मुलगा, याने खंडणी देऊन शहर वाचवलं म्हणून ते जिंकलेल्यांत नाही, आणि बायबलच्या '१ राजे' या पुस्तकाच्या १४व्या अध्यायातही लढाईचं वर्णन नाहीच, मंदिराचा आणि राजवाड्याचा खजिना नेला, शलमोनाच्या सोन्याच्या ढाली नेल्या, मग रहबामाने त्यांच्या जागी पितळेच्या केल्या एवढंच आहे. दुसरं उत्तर, भिंतीवरची काही नावं झिजून गेलीत. तिसरं म्हणजे मोहिमेचा रोख उत्तरेच्या इस्राएलवर आणि नेगेवच्या रस्त्यांवरच होता. मला तिसऱ्यात दम वाटतो, पण 'यादीत नाही म्हणून स्वारी झालीच नाही' असं म्हणणं घाईचं आहे. मगिद्दोला शोशेंकच्या नावाच्या शिलालेखाचा तुकडा मिळालाय, म्हणजे मोहीम नुसती भिंतीवरची बढाई नव्हती हे नक्की. दुर्दैव एवढंच की तो आधीच्या उत्खननाच्या मातीच्या ढिगात सापडला, त्यामुळे कुठल्या थरातला हे गेलं ते गेलंच.

प्रश्न : या स्वारीचं इ.स.पू. ९२५ हे साल आलं कुठून? कोणी म्हणतं इजिप्तवरून, कोणी म्हणतं बायबलवरून.

उत्तर : खरी गोम इथेच आहे. पाया अश्शूरचा. त्यांच्या वर्षांच्या यादीत एका सूर्यग्रहणाची नोंद आहे, ते इ.स.पू. ७६३ चं, त्यावरून पुढची मागची वर्षं लागतात. त्यानुसार कर्करच्या लढाईत, ८५३ मध्ये, अश्शूरच्या शल्मनेसर तिसऱ्याविरुद्ध इस्राएलचा अहाब होता, आणि ८४१ मध्ये इस्राएलच्याच येहू राजाने त्या शल्मनेसरला खंडणी दिली. मधली वर्षं १२. बायबल अहाब आणि येहू यांच्यामध्ये दोन राजे देतं, अहज्या २ वर्षं आणि योराम १२, बेरीज १४. पण राज्यावर बसलेलं अर्धवट वर्ष दोन्ही राजांच्या नावावर मोजायची पद्धत धरली तर प्रत्येकी एक कमी होतं आणि बरोब्बर १२ उरतात. हाच नियम इस्राएलच्या आधीच्या राजांना लावत मागे न्या : यराबाम २२, नादाब २, बाशा २४, एला २, अम्री १२, अहाब २२ (जिम्रीचे सात दिवस सोडा), बेरीज ८४, सहा राजांची सहा वर्षं वजा, ७८. अहाबाचं शेवटचं वर्ष ८५३ धरलं तर ८५३ अधिक ७८ म्हणजे ९३१, शलमोनानंतर राज्य फुटून उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला रहबामाचं यहूदा झालं ते वर्ष. शिशक रहबामाच्या पाचव्या वर्षी आला असं बायबल सांगतं, ते वर्ष मग ९२६-२५.

इथपर्यंत मला काही खटकत नाही. खटकतं ते पुढे. शोशेंकच्या २१व्या वर्षी गेबेल सिलसिलाच्या खाणीतून कर्नाकच्या बांधकामासाठी दगड काढायचा हुकूम निघाला, तो शिलालेख आहे, पण त्यात मोहिमेचा शब्द नाही. तरी मोहीम त्याच सुमाराची धरून ९२५ म्हणजे त्याचं २०वं-२१वं वर्ष, म्हणून तो ९४५ ला गादीवर आला असं बसवलं गेलं. आणि मग तेच ९४५ दाखवून 'बघा, इजिप्तचा इतिहास बायबलशी जुळतो' म्हणायचं! जुळणारच ना, तिथूनच तर घेतलंय. हे गोल फिरणं थांबलंच पाहिजे. इजिप्तच्या वाळवंटातल्या 'दाखला' नावाच्या ओअॅसिसमधल्या शोशेंकच्या पाचव्या वर्षाच्या शिलालेखात एका सणाची तारीख आहे, ती चंद्राशी जोडून काही अभ्यासक बायबलला हात न लावता ९४३ काढतात. हा रस्ता मला जास्त प्रामाणिक वाटतो, पण इजिप्तच्या कॅलेंडरमध्ये चंद्राच्या तारखा दर २५ वर्षांनी परत तिथेच येतात, म्हणून अंदाजे काळ आधी माहीत असावा लागतो हे ध्यानात ठेवा.

प्रश्न : शिशक म्हणजे शोशेंकच्या कितीतरी आधीचे राजे समजले जाणारे थुतमोस तिसरा किंवा रामसेस दुसरा, इजिप्तच्या इतिहासात शेकडो वर्षं जास्तीची घुसलीत, असं ऐकलं. शक्य आहे?

उत्तर : नाही. इजिप्तमध्ये अमार्नाला सापडलेल्या मातीच्या पाट्यांत अश्शूरच्या पहिल्या अशुर-उबालितची आणि बॅबिलोनच्या बुर्नाबुरियाशची इजिप्तच्या दरबाराला पाठवलेली पत्रं आहेत, रामसेस दुसऱ्याने २१व्या वर्षी हित्ती राजा हत्तुसिली तिसऱ्याशी केलेला तह दोन्ही बाजूंनी मिळालाय. इजिप्त सरकवायचा तर अश्शूर, बॅबिलोन, हित्ती सगळेच सरकवावे लागतील. शिवाय २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडिओकार्बन तपासणीत 'नव्या राज्या'ची, म्हणजे थुतमोस-रामसेस राजांच्या कालखंडाची, सुरुवात इ.स.पू. १५७० ते १५४४ च्या दरम्यान आली, शेकडो वर्षं कापायला जागाच नाही.

प्रश्न : निर्गमाच्या, म्हणजे इस्राएली लोक इजिप्तमधून बाहेर पडले त्या घटनेच्या, काळाशी याचा काय संबंध?

उत्तर : थेट संबंध आहे, आणि तो बोलला जात नाही. १ राजे ६:१ म्हणतं की शलमोनाचं चौथं वर्ष निर्गमानंतर ४८० वर्षांनी. ९३१ मध्ये शलमोनाची ४० वर्षं मिळवली की चौथं वर्ष साधारण ९६६, त्यात ४८० मिळवले की १४४६. म्हणजे हे १४४६ ज्या ९३१ वर उभं आहे ते वरचंच. पण ४० आणि ४८० हे आकडे फार गोल आहेत, ४८० म्हणजे ४० चे १२ पट, पिढ्या मोजल्यासारखे. दुसरीकडे बायबलच्या निर्गम या पुस्तकात १:११ मध्ये रामसेस शहराचं नाव येतं, ते रामसेस दुसऱ्याशी जोडून बरेच जण १३व्या शतकाकडे जातात. मला ४८० वर वजन टाकणं धोक्याचं वाटतं. पक्की खूण एकच, इजिप्तच्या मर्नेप्ताह राजाच्या पाचव्या वर्षाचा शिलालेख, साधारण १२०८ चा, १८९६ मध्ये थीब्सला सापडलेला. त्यात इस्राएल नावाचे लोक कनानात आहेत.