'जंगल बुक'वाल्या किपलिंगचा जन्म मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयातल्या हिरव्या बंगल्यात झाला का? आणि त्याचं वाचन कुठून सुरू करावं?

नाही. रुडयार्ड किपलिंग 30 डिसेंबर 1865 रोजी जे.जे.च्या आवारातच जन्मला, पण हा लाकडी बंगला नंतरचा. त्याचं घर केव्हाच पाडलं गेलं. वडील लॉकवुड तिथे इमारतींवरचं शिल्पकाम शिकवायचे. त्यांचं काम बघायचं तर जवळच्या क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं बघा, ती अजून जागेवर आहेत.

बंगल्यासमोर फोटो काढून 'मोगली इथला' म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. मोगली लिहिला गेला अमेरिकेत, व्हर्मांटच्या हिवाळ्यात. त्या गोष्टींतलं सिवनीचं रान बरंचसं दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उचललेलं. वैनगंगा तेवढी खरी, आपल्या भंडाऱ्यातून वाहणारी. 1871 मध्ये, सहावं वर्षही पुरं झालं नव्हतं तेव्हा, त्याला विलायतेला धाडलं. म्हातारपणी आठवणी लिहिताना एस्प्लनेड मैदानावरचं आपलं घर त्याने पारशांच्या दख्म्याजवळ, म्हणजे मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्याजवळ, नेऊन ठेवलं. दख्मा मलबार हिलवर, म्हणजे भलतीकडेच. 1882 साली परत येऊन मुंबईच्या बंदरात उतरल्यावर तोंडून देशी भाषेतली वाक्यं आपोआप येत होती आणि अर्थ मात्र कळत नव्हता, असं तो सांगतो. त्याची मुंबई एवढीच.

कथाकार घडला तो लाहोरच्या दैनिकात. 'प्लेन टेल्स' या त्याच्या कथासंग्रहातल्या गोष्टींना तिथल्या रकान्यात साधारण बाराशे शब्दांची जागा. पुढे अलाहाबादच्या साप्ताहिकात तीन ते पाच हजार मिळू लागले. त्याची काटछाटीची रीत लिहिणाऱ्यांनी पाठच करावी. आधी गोष्ट पूर्ण लिहायची. मग ओळींमधल्या जागेच्या मापाचा कुंचला आणि काळी शाई घेऊन शब्दन्‌शब्द तपासायचा, नको तो काळा करायचा. मजकूर मुरत ठेवायचा, पुन्हा वाचायचा, पुन्हा कापायचा. तिसऱ्यांदा एकट्याने, मोठ्याने वाचायचा. मेहनत वाचवायला त्याने सुरुवातीपासूनच आखूड लिहून पाहिलं, तर गोष्टीतलं मीठच गेलं. लिहून मग कापलेलं वाचकाला दिसत नाही, पण जाणवतं. कार्यशाळांमधून 'कमी शब्दांत लिहा' एवढंच शिकवतात, त्यांनी याचं उत्तर द्यावं.

पुरावा हवा तर त्याची 'मुहम्मद दीन' ही गोष्ट वाचा, जेमतेम चार पानं. खिदमतगार आपल्या लहानग्यासाठी साहेबाकडून पोलोचा जुना चेंडू मागून घेतो, पोर तो बागेत धुळीत अर्धा पुरतं, भोवती झेंडूची सहा सुकी फुलं रोवतं. साहेब नकळत ते तुडवून जातो. पुढे पोराला ताप येतो. इंग्रज डॉक्टर म्हणतो, या पोरांत दमच नसतो. मग बाप पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन कब्रस्तानाकडे चाललेला दिसतो. लेखक एका शब्दाने गळा काढत नाही.

त्यानंतर 'द मॅन हू वुड बी किंग'. ती 1888 मध्ये अलाहाबादच्या व्हीलर या प्रकाशकाने रुपयाला विकलेल्या, रेल्वे प्रवाशांसाठीच्या पुस्तकमालिकेतली आहे.

कवितांत आधी 'डिपार्टमेंटल डिटीज', 1886. पहिली आवृत्ती सरकारी लखोट्यासारखी, तपकिरी कागदात, लाल फितीने बांधलेली. म्हणजे सरकारी खात्यांची थट्टा मुखपृष्ठापासूनच सुरू. 'गोऱ्यांचं ओझं' ही कविता भारतावर आहे असं अजूनही लिहितात. ती 1899 ची, फिलिपिन्स घेणाऱ्या अमेरिकेला उद्देशून. 'पूर्व ती पूर्व' ही त्याची ओळ म्हणणारेही त्या कवितेच्या तिसऱ्या ओळीपर्यंत पोचत नाहीत. तिथे तो स्वतःच ते खोडतो.

आता हेही सांगायला हवं की जालियनवालानंतर डायरसाठी निघालेल्या फंडात त्याने दहा पौंड घातले. शिकलेला बाबू त्याच्या गोष्टींत बहुधा हास्यास्पदच असतो, आणि हे काळाच्या माथी मारून सुटत नाही. पण 'साम्राज्यवादी' म्हणून बाजूला सारणाऱ्यांपैकी किती जणांनी ती चार पानं वाचलीत, हा माझा जुना सवाल आहे. 'जंगल बुक' शेवटी वाचलंत तरी चालेल.