सूरशंका : पांढरी पाचला ‘एफ’ का म्हणायचं?

प्रश्न : माझी मुलगी कीबोर्ड शिकते. जी शार्प मायनर स्केलमध्ये एके ठिकाणी ‘एफ’च्या आधी फुलीसारखी खूण आहे. तिचे सर म्हणाले, हा डबल शार्प, ‘जी’ची पट्टी दाब. मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. मला कळेना, सरळ ‘जी’ लिहायला काय हरकत होती? आणि मध्येच आलेलं शार्प पुढे कुठवर धरायचं?
– एक वाचक, कारेलीबाग, बडोदा

उत्तर : पेटी वाजवता ना, मग अर्धं काम झालंच. काळी चारला (हीच जी शार्प) सा धरा आणि किरवाणी रागाचा आरोह वाजवा. ग आणि ध कोमल, बाकी सगळे शुद्ध. बोटं कुठे पडली बघा : काळी चार, काळी पाच, पांढरी सात, मग वरची काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, आणि नी आला पांढरी पाचवर. तुमच्या लेकीची हार्मोनिक (म्हणजे नी चढवून घेतलेली) जी शार्प मायनर ती हीच.

आता हे स्टाफवर, म्हणजे पाच रेषांच्या पाश्चात्त्य लिपीत, उतरवायचं. तिथला दंडक असा की अशा स्केलच्या सात स्वरांना सात वेगळी अक्षरं हवीत. ‘जी’ सा घेऊन बसला. रे ए, ग बी, म सी, प डी, ध ई. नीच्या वाट्याला उरलं फक्त एफ. बरं, या स्केलला सुरुवातीलाच पाच शार्प (अर्धा स्वर चढवणाऱ्या खुणा) लावलेले असतात : एफ, सी, जी, डी, ए. म्हणजे एफ मुळातच काळी तीनवर चढलेला, आपल्या भाषेत कोमल नी. आपल्याला हवा शुद्ध. म्हणून त्याला आणखी अर्धा स्वर चढवला आणि फुली आली.

‘जी’ लिहून बघाच. चालीत सा-नी-सा-नी आलं की चारही टिंबं दुसऱ्या रेषेवरच एका ओळीत बसतील, आणि पहिलं सोडून दर टिंबाआधी आळीपाळीने नॅचरल (शार्प काढून टाकणारी खूण), शार्प, नॅचरल. वाचणाऱ्याला वाटणार, सूर जागचा हललाच नाही. एफ लिहिला तर नीचं टिंब त्या रेषेखालच्या घरात (दोन रेषांमधल्या जागेत) पडतं, साचं रेषेवर राहतं, आणि खाली-वर जाणारी चाल डोळ्यालाच दिसते. सरांनी पट्टी बरोबर सांगितली. पण एवढंच सांगून सोडून दिलं, ते मला पटलं नाही. मुलं पाठ करतात आणि पुढच्या स्केलला पुन्हा अडतात. डी शार्प मायनर घेतली की सी डबल शार्प येणारच, पट्टी पांढरी दोन. कारण तेच.

आपल्याकडेही हा प्रकार आहे, फक्त हिंदुस्थानीत नाही. कर्नाटक पद्धतीतला पहिला मेळ (आपल्या थाटासारखा) कनकांगी. त्यातला गांधार आपल्या शुद्ध रेच्या जागेवर बसतो, तरी त्याला गांधारच म्हणतात, कारण ऋषभ त्याच्याही खाली आधीच येऊन गेलेला असतो. पांढरी एकचा सा धरून हा मेळ स्टाफवर लिहिला तर ई डबल फ्लॅट लिहावा लागतो. डबल फ्लॅट म्हणजे दोन फ्लॅट शेजारी शेजारी. तो अर्धा अर्धा करत दोनदा उतरवतो. बडोदेकरांनी याला बिचकू नये. १८८६ साली इथे गायनशाळा काढणारे मौलाबक्ष दक्षिणेत राहून कर्नाटक संगीत शिकून आले होते, आणि सूरसागराकाठचं आपलं म्युझिक कॉलेज त्याच शाळेतून वाढलं.

पेटीवर एफ डबल शार्प आणि जी एकच, कारण पट्टी एकच. व्हायोलिनवाला मात्र साकडे ओढ घेणारा नी पुष्कळदा किंचित चढा लावतो. त्याला नावातून दिशा कळते.

दुसरा प्रश्न सोपा. मध्येच आलेली खूण त्या बारच्या, म्हणजे दोन उभ्या रेघांमधल्या कप्प्याच्या, शेवटच्या रेघेपर्यंतच चालते, आणि तीही त्याच रेषेवरच्या किंवा घरातल्या सुरालाच. वरच्या सप्तकातल्या एफला ती लागू नाही, तिथे पुन्हा लिहावी लागते. सूर टायने (दोन टिंबं जोडणाऱ्या कमानीने) पुढच्या बारमध्ये लांबवला असेल तर तो संपेपर्यंत खूण टिकते. तुम्हाला भातखंडे लिपीची सवय असेल, म्हणून इथे चुकायला होतं. तिथे कोमलाची आडवी रेघ प्रत्येक सुराखाली आणि तीव्र मची उभी रेघ प्रत्येक मच्या डोक्यावर पुन्हा पुन्हा देतात. स्टाफवर एकदा दिली की बार संपेपर्यंत आपणच लक्षात ठेवायची.

डबल शार्पवरून त्याच बारमध्ये साध्या शार्पला यायचं असेल तर आता नुसतं शार्प लिहितात. जुन्या पुस्तकाची झेरॉक्स हाती आली तर तिथे नॅचरल आणि शार्प जोडीने छापलेले दिसतील. लेकीने ते दोन वेगळे सूर समजून दोनदा वाजवू नयेत. पट्टी एकच, काळी तीन.