मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना कॉलेजचे विषय घेऊन इंग्रजी ऐकायला-बोलायला कसं शिकवावं?

तुम्ही विचारलंय की दादरला संध्याकाळी अकरावी ते एफवायच्या (पदवीच्या पहिल्या वर्षाच्या) मुलांचा इंग्रजी संभाषणाचा वर्ग सुरू करायचा आहे, मुलं बहुतेक मराठी माध्यमातली आहेत, व्याकरण त्यांना बऱ्यापैकी येतं पण तोंड उघडत नाहीत, आणि 'कॉलेज लाइफ' हा धागा धरून काय काय घेता येईल. मी परळला असाच वर्ग बरीच वर्षं घेते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे सांगते, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. ही मुलं बोलत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा बोलण्यात नसतं, ऐकण्यात असतं. केमिस्ट्रीच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक विचारतात, "व्हॉट हॅपन्स इफ यू डोन्ट ॲड द इंडिकेटर?" मुलाने टायट्रेशन स्वतःच्या हाताने केलेलं असतं, इंडिकेटर नसेल तर एंड पॉइंट कळणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. पण ते वाक्य कानावर येतं तेव्हा त्यात शब्द कुठे सुटतात तेच त्याला कळत नाही. तो गप्प उभा राहतो आणि परीक्षक समजतात की अभ्यास केलेला नाही. घरी आल्यावर आपण म्हणतो, याला कॉन्फिडन्स नाही. प्रश्नच पोहोचला नव्हता, तिथे कॉन्फिडन्स काय करणार? म्हणून वर्गाचा निम्म्याहून जास्त वेळ ऐकण्याला द्या, निदान पहिले दोन महिने तरी.

आता विषय. 'माय कॉलेज', 'माय फेव्हरेट टीचर', 'माय फर्स्ट डे इन कॉलेज' हे घेऊ नका. शाळेत निबंध पाठ करून आलेली ही मुलं त्याच निबंधाची टेप लावतात. दुसरीकडे, नेटवर मिळणारे कॉलेज लाइफचे तयार धडे बहुतेक अमेरिकेतले असतात: डॉर्म, रूममेट, कॅम्पसमधली पार्टटाइम नोकरी. आपला मुलगा टिटवाळ्याहून लोकलने येतो, संध्याकाळी घरी भावंडांबरोबर एकाच खोलीत अभ्यास करतो. रूममेटशी भांडण कसं मिटवावं यावर तो काय बोलणार?

पण मुंबईतला विषय म्हणजे काहीही चालेल असंही नाही. खूप शिक्षक कॉलेज ऑफिसच्या खिडकीवर रेल्वे कन्सेशन मागण्याचा संवाद इंग्रजीत करून घेतात. बहुतेक कॉलेजांत त्या खिडकीमागे मराठी बोलणारे काका किंवा ताई बसलेल्या असतात. मुलगा त्यांच्याशी आयुष्यात इंग्रजी बोलणार नाही, आणि हे त्याला ठाऊक असतं. कँटीनमध्ये मराठी आणि हिंदी चालते. वर्गात ते नाटक केलं की मुलं हसून घेतात आणि विसरतात. तेव्हा विषय निवडताना स्वतःला एकच विचारा: या ठिकाणी याला खरंच इंग्रजीची गरज पडते का? लेक्चर, व्हायवा, प्रेझेंटेशन, पाहुण्या वक्त्याला प्रश्न विचारणं, फेस्टच्या कमिटीसाठी होणारी मुलाखत, इंटर्नशिपसाठी आलेला फोन, बाहेरच्या राज्यातून आलेल्या वर्गमित्राशी बोलणं. खरी ठिकाणं ही आहेत.

यातलं शेवटचं मला सगळ्यात आवडतं. आसामहून किंवा केरळहून आलेली मुलगी वर्गात आहे, तिला मराठी येत नाही, हिंदीही जेमतेम. तिला विद्यार्थी पास कसा काढायचा ते समजावून सांगा: फॉर्म कॉलेज ऑफिसातून घ्यायचा, पास घराजवळच्या स्टेशनापासून कॉलेजजवळच्या स्टेशनापर्यंतचाच मिळतो, महिन्याचा घ्यायचा की तीन महिन्यांचा ते ठरवायचं, मग तो फॉर्म घेऊन स्टेशनच्या खिडकीवर जायचं. किंवा डोंबिवलीहून चर्चगेटला यायचं तर दादरला उतरून मध्य रेल्वेवरून पश्चिम रेल्वेवर जावं लागतं, फास्ट आणि स्लो यांत फरक काय, रविवारी मेगाब्लॉक असतो म्हणजे काय. म्हणजे तोच कन्सेशनचा विषय इथे खरा होतो. आणि इथे आपला मुलगा जाणकार असतो. एरवी इंग्रजीच्या तासाला तो सतत काहीतरी न येणारा असतो. या कामात समोरच्याला काहीच माहीत नाही आणि याला सगळं माहीत आहे. वर्षभर न बोललेली मुलं या विषयावर बोलताना मी पाहिली आहेत.

ऐकण्याचं साहित्य शक्यतो स्वतः बनवा. मोबाइल पुरतो. ओळखीच्या शिक्षकांना सांगा की दीड मिनिट, नेहमी बोलता तसंच, एक सूचना द्या: प्रॅक्टिकलची तारीख बदलली आहे, जर्नल सर्टिफाय करून आणा, अमुक नंबरच्या खोलीत या, ७५ टक्के हजेरी नसेल त्यांनी भेटा. लिहून देऊ नका, वाचलेलं आणि बोललेलं यांत फार अंतर असतं. आणि आवाज वेगवेगळे घ्या. मुंबईच्या कॉलेजात मुलाच्या कानावर एक इंग्रजी येत नाही. माटुंग्याच्या तमिळ घरातले सर, वांद्र्याच्या ख्रिस्ती मॅडम, घाटकोपरच्या गुजराती मॅडम, बंगाली प्राध्यापक, प्रत्येकाची लय निराळी. मुलाला सोमवारपासून हेच इंग्रजी समजायला हवं. लंडनचं नंतर. याच कारणासाठी एनपीटीईएलची व्याख्यानं मला फार उपयोगी वाटतात. आयआयटी आणि बेंगळुरूच्या आयआयएससीतल्या प्राध्यापकांची ही व्याख्यानं यूट्यूबवर फुकट आहेत, आणि त्यांत देशभरातले उच्चार सापडतात. मुलाच्याच विषयाचं व्याख्यान शोधा आणि त्यातली फक्त दोन मिनिटं घ्या.

एक रेकॉर्डिंग कसं वापरायचं ते नीट सांगते, कारण घाई इथेच होते. पहिल्यांदा लावाल तेव्हा एवढंच विचारा: कोण बोलतंय, कोणाशी, कशासाठी? एकही शब्द लिहू द्यायचा नाही. दुसऱ्यांदा लावताना आधीच सांगा की तीन गोष्टी शोधा, समजा तारीख, खोली आणि बरोबर काय आणायचं. आकडे मुद्दाम घाला. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांत भली भली मुलं चुकतात, आणि परीक्षेच्या खोलीचा नंबर चुकला तर ते महागात पडतं. मग जोडीने उत्तरं ताडून पाहू द्या, हवं तर मराठीत. पटत नसेल तर तुम्ही निवाडा करू नका, पुन्हा लावा. चार वेळा लावलं तरी चालेल. वेग कमी करण्याचा मोह टाळा. यूट्यूबवर पाऊणपट वेगाच्या खाली गेलं की आवाज ओढल्यासारखा येतो आणि कानाला खऱ्या बोलण्याची सवय होत नाही. सबटायटल्सही बंदच ठेवा, नाहीतर मुलं वाचतात आणि ऐकल्याचं समाधान मानतात.

सगळ्यात शेवटी त्या रेकॉर्डिंगची लिखित प्रत हातात द्या आणि जे ऐकू आलं नव्हतं त्याखाली पेन्सिलने रेघ मारायला सांगा. मग प्रत्येक रेघेसाठी विचारा: हा शब्द तुला माहीतच नव्हता, की माहीत होता पण ओळखू आला नाही? दहापैकी सात-आठ रेघा दुसऱ्या प्रकारच्या निघतात. "यू शुड हॅव सबमिटेड इट" हे वाक्य बोलताना "शुडव्ह सबमिटेडिट" असं एका दमात येतं. "हॅव" मुलाला पहिलीपासून येतो, पण असा चेपलेला "हॅव" त्याने कधी ऐकलेला नसतो. मराठीत आपण बहुतेक अक्षरांना सारखा वेळ देतो; इंग्रजीत दोन-तीन शब्दांवर जोर पडतो आणि मधले लहान शब्द दबून जातात. हे फळ्यावर एकदा दाखवा आणि तेच वाक्य मुलांकडून चार-पाच वेळा तसंच म्हणवून घ्या. जे तोंडाने म्हणता येतं ते कान पुढच्या वेळी पकडतो. मला विचाराल तर अख्ख्या वर्गातली सर्वात मोलाची दहा मिनिटं हीच.

बोलण्याकडे वळताना पहिली शिकवायची गोष्ट म्हणजे न कळल्यावर काय म्हणायचं. "सॉरी सर, कुड यू रिपीट द लास्ट पार्ट?" "डू यू मीन द फर्स्ट एक्सपेरिमेंट ऑर द सेकंड?" "कॅन आय टेक अ मोमेंट टू थिंक?" अशी पाच-सहा वाक्यं इतकी घोटून घ्या की झोपेतून उठवलं तरी यावीत. आपल्या मुलांच्या मनात असं बसलेलं असतं की पुन्हा विचारणं म्हणजे सरांचा अपमान किंवा स्वतःची अब्रू जाणं. तसं नाही हे त्यांना स्पष्ट सांगावं लागतं, आणि वर्गात तुम्ही स्वतः मुलांना तसंच विचारून दाखवावं लागतं. मी खोटा व्हायवा घेते तेव्हा मुद्दाम भराभर, थोडं पुटपुटत प्रश्न विचारते. नियम एवढाच की गप्प राहायचं नाही. उत्तर नाही तर निदान प्रतिप्रश्न आलाच पाहिजे.

जोड्यांत काम देताना दोघांकडे वेगवेगळी माहिती असू द्या. एकाच्या टाइमटेबलात काही तास रिकामे, दुसऱ्याच्या टाइमटेबलात दुसरे; विचारून विचारून दोघांनी पूर्ण करायचं. पाठीला पाठ लावून बसवा, म्हणजे कागदात डोकावता येत नाही आणि हातवारे करून भागत नाही. इंटर्नशिपच्या फोनची तयारीही आपोआप होते. फेस्टची कामं वाटणं हाही असाच विषय: बजेट एकाकडे, हॉल कधी मोकळा आहे ते दुसऱ्याकडे, कोण कोण उपलब्ध आहे ते तिसऱ्याकडे, आणि पंधरा मिनिटांत निर्णय घ्यायचा. मल्हार किंवा मूड इंडिगो या मुंबईतल्या कॉलेज फेस्टना जाऊन आलेलं कोणी वर्गात असेल तर त्याच्याकडून आधी सगळं काढून घ्या, वर्ग लगेच जागा होतो.

सफाई यावी म्हणून ४-३-२ ही जुनी पद्धत अजून मला सर्वांत भरवशाची वाटते. मूल एकच गोष्ट एका जोडीदाराला चार मिनिटांत सांगतं, मग दुसऱ्याला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. नवशिक्यांसाठी ३-२-१ करा. काय सांगायचं ते आधीच ठरलेलं असल्यामुळे डोकं शब्द शोधायला मोकळं राहतं, आणि तिसऱ्या वेळेपर्यंत अडखळणं दिसण्याइतकं कमी होतं. सुरुवातीला दोन मिनिटं मराठीत ठरवू द्या की काय सांगायचं आहे. वर्गात मराठीचा शब्द काढायचा नाही, काढला तर दहा रुपये दंड, असले नियम काही क्लासमध्ये असतात. मला ते मनापासून चुकीचे वाटतात. ज्या भाषेत मूल विचार करतं तिलाच दंड लावला तर ते विचार करणंच थांबवतं.

चुका मध्येच थांबवून सुधारू नका. कागदावर टिपा आणि शेवटी नाव न घेता तीन-चार फळ्यावर लिहा. कोणत्या निवडायच्या? ज्यांनी अर्थ बदलतो त्या. "आय विल सबमिट यस्टर्डे" सुधारायलाच हवं, कारण जर्नल दिलं की द्यायचंय तेच कळत नाही. "आय ॲम हॅविंग अ डाउट" सोडून द्या. या शहरात ते सगळ्यांना समजतं, प्राध्यापकही तसंच बोलतात.

काही मुलांना परदेशी जायचं असेल, तर त्यांच्यासाठी ते डॉर्म-रूममेटचे धडे आता वापरा. आयईएलटीएस या परदेशी शिकायला जाणाऱ्यांच्या इंग्रजी परीक्षेत ऐकण्याच्या भागात ४ भाग आणि ४० प्रश्न असतात, रेकॉर्डिंग एकदाच ऐकवतात, आणि तिसरा भाग बहुधा विद्यार्थी आणि ट्यूटर यांच्यातल्या चर्चेचा असतो. बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. तिच्या दुसऱ्या भागात तयारीला १ मिनिट मिळतं आणि मग १ ते २ मिनिटं एकट्याने बोलायचं असतं. ४-३-२ केलेल्या मुलांना हा भाग जड जात नाही. पण संपूर्ण वर्ग या परीक्षेभोवती बांधू नका. तुमच्याकडे येणाऱ्या बहुतेकांची गरज उद्याच्या लेक्चरची आहे.

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचं एक मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा, विषय सगळ्यांना एकच, समजा 'घरापासून कॉलेजपर्यंत कसा येतोस'. सेमिस्टर संपताना तोच प्रश्न पुन्हा विचारा आणि दोन्ही रेकॉर्डिंग ज्याची त्याला वेगळं बसवून ऐकवा, वर्गासमोर नको. मार्क देऊ नका. कुठे थांबलो, कुठे थांबलो नाही, हे त्यालाच मोजायला सांगा.