श्रुतिकेत आजचं पुणे ते १८८८ चं लंडन हा काळबदल निवेदनाशिवाय कसा कळेल?

नायिका काडेपेटी कामगार स्त्रियांच्या संपात पोचते त्या क्षणी पंख्याची घरघर, रिक्षांचे हॉर्न एकदम तोडा. अर्धा सेकंद पूर्ण शांतता, मग घोड्यांच्या टापा (दोन करवंट्या आणि शहाबादी फरशी). दोन्ही काळांचे आवाज हळूहळू मिसळलेत तर ऐकणाऱ्याला फक्त जागा बदलल्यासारखी वाटते. १८८८ च्या प्रसंगात विजेची गुणगुण अजिबात नको. पंखा, ट्यूबलाइट, फ्रिज बंद करा. पेठेत राहत असाल तर रेकॉर्डिंग मध्यरात्रीनंतरच.

जमावाला सहा जणी पुरतात. चारदा रेकॉर्ड करून ते आवाज एकमेकांवर चढवा, दर वेळी माइकपासूनचं अंतर आणि वाक्यं बदला. नाहीतर समूहगान ऐकल्यासारखं वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नायिकेला पुढारी करू नका. ‘ब्रायंट अँड मे’ या काडेपेटी कंपनीच्या कारखान्यातल्या सुमारे १४०० कामगार जुलैमध्ये स्वतःहून बाहेर पडल्या. समाजवादी लेखिका ॲनी बेझंट यांच्या लेखाने अन्यायाला वाचा फुटली, पण संप त्यांनी पुकारला नव्हता. पगारातून कापला जाणारा दंड, पांढऱ्या फॉस्फरसमुळे सडणारा जबडा, हे त्या बायकांच्याच तोंडून येऊ द्या.